बारशाच्या आधी

(संस्थेच्या महोत्सवी समारंभात शिष्यवृत्तीधारक विद्यार्थ्यांच्या वतीने एका विद्यार्थिनीने केलेले भाषण)



शिष्यवृत्ती मिळालेल्या आम्हा मुलांच्या वतीने कोणी तरी चार शब्द बोलावेत असे चिटणीसांनी सुचविले, तेव्हा माझे नाव पुढे आले. माझ्याहून अधिक गुण मिळविलेले विद्यार्थी या सभागृहात बसले आहेत. तरीही माझी निवड झाली, ती बहुधा एवढ्याचसाठी की मुलाखतीच्या दिवशी विश्वस्तांचा सर्वांत जास्त वेळ मीच घेतला होता.

त्या दिवशी माझ्या आधीच्या मुलाने ‘वैद्यकीय’ म्हटले आणि तो पाच मिनिटांत बाहेर आला. त्याच्या आधीच्या मुलीने ‘अभियांत्रिकी’ म्हटले, तिलाही तेवढाच वेळ लागला. मी माझ्या अभ्यासक्रमाचे नाव सांगितले आणि टेबलापलीकडे शांतता पसरली. एका वयोवृद्ध विश्वस्तांनी विचारले, “याला मराठीत काय म्हणतात?” मला सांगता येईना. मी म्हटले, “ज्यांना ऐकू येत नाही आणि ज्यांना बोलता येत नाही, त्यांच्यासाठीचे शिक्षण आहे.” ते म्हणाले, “म्हणजे कानाचे डॉक्टर ना?” मी म्हटले, “नाही. डॉक्टर कानाचा आजार बरा करतात. जो कान बरा होण्यासारखा नाही, त्या कानाच्या माणसाला ऐकायला आणि बोलायला शिकविण्याचे हे काम आहे.” त्यावर पुढचा प्रश्न आला, आणि तो योग्यच होता. “पोरी, दंतवैद्यकाला प्रवेश मिळण्याइतके गुण तुझ्याजवळ आहेत. मग हे कशासाठी?”

त्या वेळी मी दोन-तीन वाक्यांत काही तरी सांगितले. संस्थेने माझ्यावर विश्वास टाकला आणि बिनव्याजी कर्जाऊ शिष्यवृत्ती मंजूर केली. पण त्या प्रश्नाचे पुरते उत्तर माझ्याकडून द्यायचे राहिले आहे. ते आज आपणा सर्वांसमोर द्यावे असे मला वाटते.

उत्तर माझ्या धाकट्या भावापासून सुरू होते. तो २०१३ साली जन्मला. आमचे घर वडगावात आहे. आजोबा आणि बाबा दोघेही मागावरचे. घरात मुलगा झाला म्हणून बारसे थाटात झाले. पाळणा बांधला, सुंठवडा वाटला, आत्याने बाळाच्या कानाशी तोंड नेऊन ‘कुर्रर्र’ केले आणि नाव सांगितले. बाळ हसले. सगळ्या बायका म्हणाल्या, “बघा, नाव आवडले!” मी तेव्हा लहान होते, पण ते हसू मला आठवते. आज मला ठाऊक आहे की बाळाने नाव ऐकलेच नव्हते. आत्याचा श्वास कानाला लागला, गुदगुल्या झाल्या, म्हणून ते हसले.

पुढे साडेतीन वर्षे आम्ही सगळेच फसत राहिलो. तो दीड वर्षाचा झाला तरी बोलेना, तेव्हा आजी म्हणाली, “त्याचा बाप बी उशिराच बोलला होता की.” दोन वर्षांचा झाला, तेव्हा शेजारच्या काकूंनी त्याच्या मागे उभे राहून पितळेची थाळी वाजविली. त्याने वळून पाहिले. काकूंनी निकाल दिला की कान शाबूत आहेत. पण मागच्या माणसाची सावली पुढे पडते, थाळी वाजली की जमिनीलाही कंप येतो, आणि ज्याला ऐकू येत नाही ते मूल सावली व कंप तुमच्याआमच्याहून लवकर टिपते. एका डॉक्टरांकडे नेले. तेही म्हणाले, मुलगे उशिराच बोलतात, थोडे थांबून पाहा. आम्ही थांबलो. शेवटी २०१७ मध्ये योग्य तपासणी झाली आणि कळले की त्याच्या दोन्ही कानांत तीव्र बधिरता आहे.

माता-भगिनींनो, त्यानंतर घरात जे झाले ते आपल्यापैकी पुष्कळांना सांगायला नको. सगळा दोष आईच्या पदरात पडला. ग्रहणात तिने विळी हाती घेतली असेल, ओटीपोटाला अमुक लागले असेल, अशा एक ना दोन गोष्टी. आई निमूटपणे ऐकून घेई. आता पुस्तके वाचून मला समजले आहे की ग्रहणाचा आणि कानाचा काही संबंध नाही. कारणे निराळीच असतात. गरोदरपणी आईला रुबेला नावाचा गोवरासारखा ताप येणे, अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मानंतरची जास्त कावीळ, मेंदूज्वर, काही जालीम औषधे ही त्यांतली काही. आणखी एक कारण आपल्या भागाच्या जिव्हाळ्याचे आहे, म्हणून भीत भीत सांगते. माझी आई ही बाबांच्या मामाची मुलगी. आपल्याकडे ही सोयरीक मोठ्या हौसेची मानतात. पण एकाच घराण्यातला बधिरतेचा दडलेला अंश आई आणि बाप या दोघांकडूनही आला, तर तो मुलात प्रकट होण्याचा संभव वाढतो. प्रत्येक वेळी तसे होतेच असे नाही. आमच्याकडे तेच झाले की दुसरे काही, हेही मी खात्रीने सांगू शकत नाही. पण दोष आईचा नव्हता, एवढे मी खात्रीने सांगते.

दुसरीही एक गोष्ट मी त्या वेळी शिकले. लोक माझ्या भावाला ‘मुका’ म्हणत. त्याचा गळा धड होता, जीभ धड होती. मूल आईच्या पोटात असतानाच, शेवटच्या तीन महिन्यांत, ऐकू लागते. अभिमन्यूची गोष्ट आपण सांगतो, तिच्यात एवढे तथ्य निश्चित आहे. जन्मल्यावर वर्षभर ते नुसते ऐकते आणि मग बोलते. ज्याने ऐकलेच नाही ते बोलणार कोणत्या भांडवलावर? मेंदूत भाषा रुजण्याचा काळ म्हणजे पहिली तीन-साडेतीन वर्षे. शेतकऱ्याला जसा मृगाचा पाऊस, तसा मुलाला हा काळ. माझ्या भावाचा तो सारा हंगाम आमच्या थांबून पाहण्यात गेला. ही रुखरुख मला स्वस्थ बसू देत नाही.

चौथ्या वर्षी त्याच्या दोन्ही कानांना यंत्रे बसली. पुष्कळांना वाटते की चष्मा लावला की दिसते, तसे यंत्र लावले की ऐकू येते. तसे नसते. यंत्राने आवाज कानात शिरतो, पण कोणता आवाज कशाचा हे शिकवावे लागते. त्यासाठी आई त्याला आठवड्यातून तीनदा बसने एका उपचारकेंद्रात नेई. तेथल्या बाई कानडी होत्या, फार मायाळू. त्या दुधाचा पेला दाखवून म्हणत, ‘हालु’. भाऊ त्यांच्या ओठांकडे बघत राही. घरी आल्यावर आई तोच पेला देताना म्हणे, ‘दूध’. धड ऐकणारे मूल दोन काय, तीन भाषा सहज उचलते. आपल्या बेळगावची मुले रोजच उचलतात. पण ज्याच्यापाशी अजून एकही शब्द नाही, त्याला दिवसभर कानावर पडणाऱ्या घरच्या भाषेचाच आधार लागतो. तीन महिने गेले तरी काही उमटेना. आजोबा तर म्हणाले, “हालु शिकायला जातोय आणि पोराचे हाल होताहेत.”

मग एके दिवशी त्या बाईंनी आईला एक वही दिली आणि मोडक्यातोडक्या मराठीत सांगितले की घरात रोज जे शब्द बोलता, ते शंभर शब्द हिच्यात लिहून आणा. आईने रात्री बसून लिहिले. दूध, भाकरी, चप्पल, पाऊस, माग, आजी, नको, दे, चल. बाईंना देवनागरी येत होती. त्यांनी ते शंभर शब्द पाठ केले आणि पुढल्या आठवड्यापासून आपल्या कानडी वळणाने, पण न चुकता, ‘दूध’ म्हणू लागल्या. काही आठवड्यांनी भावाच्या तोंडून पहिला स्पष्ट शब्द आला. आईला वाटले होते की तो ‘आई’ म्हणेल. तो रस्त्याकडे बोट करून म्हणाला, “बस!” आई त्या थांब्यावरच रडू लागली. लोकांना वाटले, हिची बस चुकली.

आज तो सहावीत आहे. गणितात माझ्याहून हुशार आहे. बोलतो, पण ‘स’ आणि ‘श’ अजून धूसर निघतात, अनोळखी माणसाला त्याचे बोलणे दोनदा विचारावे लागते, आणि वर्गात शिक्षक फळ्याकडे तोंड करून बोलू लागले की त्याचा धागा तुटतो. जी वर्षे गेली ती परत आली नाहीत.

आता माझ्या पुढील बेताविषयी. म्हैसूरला १९६५ साली स्थापन झालेली अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था आहे. या विषयातील आपल्या देशातील आद्य संस्थांपैकी ती एक. मुंबईतही १९८३ पासून अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था हेच कार्य करीत आहे. मला म्हैसूरला प्रवेश मिळाला आहे. अभ्यासक्रम चार वर्षांचा, त्यांतील शेवटचे वर्ष प्रत्यक्ष कामाचे. मराठीत नाव विचारणाऱ्या त्या विश्वस्तांना आता मी उत्तर देऊ शकते. ‘श्रवण व वाचा चिकित्सा’ म्हटले तर चालेल.

म्हैसूरचे नाव निघताच घरात वादळ उठले. आमचे आजोबा १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात तुरुंगात जाऊन आलेले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपला भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, तेव्हा ते शाळकरी पोर होते, आणि त्या दिवसाचे दुःख त्यांनी आजवर उराशी धरले आहे. ते म्हणाले, “आम्ही मराठीसाठी लाठ्या खाल्ल्या, आणि तू कानडी शिकायला म्हैसूरला चाललीस?” मी काहीच बोलले नाही. आईने उठून फडताळातून ती शंभर शब्दांची वही काढली आणि त्यांच्यापुढे ठेवली. प्रत्येक मराठी शब्दापुढे बाईंनी कानडी लिपीत उच्चाराच्या खुणा केल्या होत्या. आजोबांनी पाने उलटली. बराच वेळ गेला. मग म्हणाले, “आईच्या शिव्या पोराला कळल्या पाहिजेत. त्या कोणत्या भाषेत द्यायच्या, ते त्या त्या आईने ठरवावे. जा तू.”

सभाजनहो, माझ्या मराठीवरील प्रेमात यामुळे तिळमात्र उणेपणा आलेला नाही. उलट, मातृभाषा म्हणजे काय हे मला त्या वहीने शिकविले. माझ्या भावाला त्याच्या मातृभाषेत बोलते करण्यासाठी एका कानडी बाईंनी मराठी शब्द शिकले. हे ऋण मी त्यांना परत करू शकत नाही. ते एखाद्या कानडी आईच्या मुलापाशीच फेडावे लागेल. म्हणून बेळगावात परत येऊन मराठी मुलांना मराठीत आणि कानडी मुलांना कानडीत शिकवायचे, असा माझा संकल्प आहे. उर्दू बोलणारी घरेही आपल्या गावात आहेत. त्यांच्यासाठी शंभर शब्दांची तिसरी वही करीन. आणि ज्या मुलांना यंत्राचाही उपयोग होत नाही, त्यांच्यासाठी खुणांची भाषा शिकेन. ती अडाण्यांचे हातवारे नसून स्वतःचे व्याकरण असलेली पूर्ण भाषा आहे. २०१५ साली दिल्लीत तिच्यासाठी स्वतंत्र केंद्र निघाले आहे.

दुसरे काम मागवाल्यांचे. कारखान्यात आठ तास पंच्याऐंशी डेसिबलच्या वर आवाज असला तर कानाला धोका समजतात. मागाच्या शेडमधला खडखडाट सहज त्याच्या वर जातो. आजोबा चाळीस वर्षे त्यात उभे राहिले. मागावरची माणसे ओठ पाहून बोलायला शिकतात, घरी येऊन मोठ्याने बोलतात, आणि बायकामुलांना वाटते की हे सदाच रागावलेले. या बधिरतेला औषध नाही, पण ती टाळता येते. कानात घालायचे साधे बोळे आणि वर्षाकाठी एक तपासणी एवढ्याने पुष्कळ काही वाचेल. आजोबांना यंत्र आणून दिले आहे. ते ते कपाटात जपून ठेवतात. त्यांना ते कानात घालायला लावणे, ही माझी पहिली परीक्षा समजा.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगते. शिकायला गेलेली मुले परत येत नाहीत, हा अनुभव या संस्थेला नवा नाही. बेंगळुरूत, मुंबईत, परदेशात या शिक्षणाला चांगला पगार आहे. मीही मोहात पडणार नाही अशी शपथ आज घेतली, तर ती शोभून दिसेल, पण चार वर्षांनी मी कोण असेन ते आज मला कसे ठाऊक असणार? म्हणून शपथेऐवजी मी हिशेब सांगते. चार वर्षे शिक्षण. त्यानंतर दोन वर्षे एखाद्या मोठ्या रुग्णालयात अनुभवी माणसांच्या हाताखाली काम, कारण नवशिक्या हातांनी कोणाच्या मुलाची वर्षे वाया घालविण्याचा मला अधिकार नाही. त्या दोन वर्षांत संस्थेचे कर्ज फेडीन. सातव्या वर्षी बेळगावात येईन आणि आठवड्यातून एक दिवस खानापूर तालुक्यातील गावांत जाईन. सातव्या वर्षी मी दिसले नाही, तर चिटणीसांनी मला पत्र लिहावे आणि त्यात फक्त ‘बस’ एवढा एकच शब्द लिहावा. मला समजेल.

आता शेवटची गोष्ट. महोत्सवाच्या वेळी संस्थेकडे काही मागण्याची रीत आहे. मी पैसे मागत नाही. तपासणीची यंत्रे स्वस्त नसतात, त्यांचा विचार पुढे होईल. आज मी एक चाल मागते.

जन्मलेल्या मुलाचे कान तपासण्याची सोपी युक्ती आता निघाली आहे. कानात नाजूक आवाज सोडला की निरोगी अंतःकर्ण त्याचा बारीक प्रतिध्वनी परत पाठवितो. डेव्हिड केम्प या इंग्रज शास्त्रज्ञाने १९७८ साली हे दाखवून दिले. बाळ झोपलेले असताना कानात एक मऊ बोंडी ठेवतात. सुई नाही, दुखणे नाही, थोड्या मिनिटांचे काम. पहिल्या खेपेला प्रतिध्वनी आला नाही तर घाबरायचे नाही. कानात जन्माच्या वेळचा ओलावा असू शकतो. पुन्हा तपासायचे, आणि तरीही शंका राहिली तर आवाज मेंदूपर्यंत पोहोचतो की नाही याची दुसरी तपासणी करायची. जाणकारांचा दंडक आहे की एक महिन्याच्या आत पहिली तपासणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत उपचाराला आरंभ. दर हजार बालकांमागे एक ते तीन बालके अशी जन्मतः कमी ऐकणारी निघतात. आकडा लहान वाटतो. ज्या घरात तो येतो, त्या घराला तो लहान नसतो.

आपल्या संस्थेच्या सभागृहात बारशी होतात. सभागृहाची पावती फाडताना व्यवस्थापक विचारतात, जेवणाची पाने किती, खुर्च्या किती. त्याच वेळी त्यांनी आणखी एक प्रश्न विचारावा, “बाळाचे कान तपासलेत का?” एवढीच चाल मी मागते. उत्तर ‘नाही’ आले म्हणून सभागृह नाकारू नये. पण प्रश्न विचारला गेला, तर आजी ऐकेल, आत्या ऐकेल, आणि कोणी तरी दुसऱ्या दिवशी बाळाला घेऊन जाईल. २०१३ साली आम्हाला हा प्रश्न कोणी विचारला असता, तर माझ्या भावाची साडेतीन वर्षे वाचली असती.

आत्याच्या ‘कुर्रर्र’ला माझा विरोध नाही. ती फार गोड रीत आहे, आणि मीही कधी आत्या होईन. मी एवढेच म्हणते की कानात नाव सांगण्याआधी, तो कान ऐकतो की नाही ते पाहावे.

 माझा भाऊ पहिल्या रांगेत बसला आहे. मी काय बोलणार ते त्याला नीट कळावे, म्हणून त्याच्याकडे तोंड करूनच मी हे भाषण केले. इतरांकडे पाहायचे राहून गेले असेल, तर क्षमा असावी.